लाल प्रॉम्प्टच्या मावशी

पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममधल्या मावशी कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हेत. लागल्या टायपिस्ट म्हणून. पंप कॉम्प्युटरवर आले तेव्हा भल्याभल्यांनी हात वर केले आणि ही बाई मॅन्युअल पिशवीत घालून घरी घेऊन गेली. तेव्हापासून अख्ख्या शहराचे पंप तिच्या बोटांवर चालतात. आणि तोंड? ते कुणाच्या बापाला भीत नाही.

मावशींच्या स्क्रीनवर दोन काळ्या खिडक्या कायम उघड्या असत. एक खऱ्या पंपांच्या मशीनची. दुसरी सरावाच्या मशीनची, तिथे काहीही मोडलं तरी कुणाचा नळ कोरडा पडत नाही. कमांड लिहायच्या आधी ओळीच्या सुरुवातीला मशीनचं नाव येतं, त्याला प्रॉम्प्ट म्हणतात. आणि नावं काय, तर खऱ्याचं पंप-०७ अन् सरावाचं पंप-०८! ठेवणाऱ्याच्या अकलेची कमालच म्हणायची. मावशींनी खऱ्याचा प्रॉम्प्ट लालभडक करून टाकला होता आणि सरावाचा हिरवा.

नवे साहेब आले आणि पहिल्याच आठवड्यात ते रंग त्यांच्या डोळ्यांत खुपले. वरून तपासणी येणार होती.

"ही कंट्रोल रूम आहे की खेळण्यांचं दुकान? सगळे स्क्रीन एकसारखे हवेत. रंग काढले असं लिहून या कागदावर सही करा."

"नाही काढणार."

"मग स्टोअरला बदली. वॉशर मोजत बसा. सोमवारपर्यंत विचार करा."

घरी लेकीने कपाळावर हात मारून घेतला. "अगं आई, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. कर ना सही! मशीनवरून उठवलं तर करमणार आहे का तुला?"

करमणार नव्हतंच. "नाही करमणार," मावशी म्हणाल्या, "पण सही करणार नाही म्हणजे नाही."

कारण सहा वर्षांपूर्वी हे रंग नव्हते. एका दुपारी फोन खणखणत असताना मावशींनी सरावाचं मशीन समजून खऱ्या मशीनला 'सगळे पंप बंद' अशी कमांड दिली. हॉस्पिटलात डायलिसिसवरच्या अकरा जणांना अर्ध्यातून उठवावं लागलं. नशीब, कुणी दगावलं नाही. तेव्हाचे साहेब म्हणाले होते, वीज गेली असं लिहून टाका, कोण बघतंय! मावशींनी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, 'नाव समोर होतं. मी वाचलं नाही. चूक माझी.' खाली सही. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला आणि प्रॉम्प्टला लाल रंग.

सोमवारी साहेब कागद घेऊन हजर.

"मशीनचं नाव लिहिलेलं असतं ना समोर? वाचता येत नाही का?"

"येतं की. त्या दिवशीही येत होतं." मावशी खुर्चीवरून उठल्या. "बसा इथे. रंग काढलेत बघा. रोजचीच दहा कामं सांगते. एकही चुकलं नाही तर इथल्या इथे सही करते आणि स्टोअरला माझ्या पायांनी जाते."

साहेब बाह्या सरसावून बसले. खऱ्यावर टाकीची पातळी बघा, सरावावर झडप उघडा, पुन्हा खऱ्यावर दाब बघा. सात कामं झाली. साहेब गालातल्या गालात हसायला लागले.

"आठवं. सरावावर सगळे पंप बंद करा."

तेवढ्यात साहेबांचा मोबाईल वाजला. फोन कानाला लावून "हो हो, पाठवतो संध्याकाळी" म्हणत त्यांनी एका हाताने कमांड लिहिली आणि एंटर दाबलं. मग स्क्रीनकडे बघितलं. पंप-०७.

मोबाईल टेबलावर आपटला. "अहो मावशी, थांबवा! सगळं शहर... हॉस्पिटल... अहो, करा ना काहीतरी!"

"बसा. दोन्ही खिडक्या सरावाच्याच होत्या. एकीला नुसतं खऱ्याचं नाव दिलं होतं. खऱ्या पंपांवर शिकवणी घ्यायला मी काय वेडी आहे?" मावशींचा आवाज खणखणीत होता. "आता खुशाल करा माझी बदली. पण या खुर्चीत जो कुणी बसेल त्याचा लाल रंग काढाल तर याद राखा!"

साहेबांनी घाम पुसला. कागदाची घडी करून खिशात घातली.

"लावा पुन्हा लाल," ते हळूच म्हणाले आणि दाराकडे निघाले.

"कुठे निघालात?" मावशींनी सहा वर्षांपूर्वीचं पान काढून रजिस्टर पुढे सरकवलं. "याच्याखाली लिहा."

साहेबांनी ते पान उभ्याउभ्याच वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं. पेन काढलं, खाली 'वरीलप्रमाणे' असं लिहिलं आणि सहीला हात घातला.

मावशींनी पानावर तळवा ठेवला.

"वरीलप्रमाणे चालत नाही, साहेब. मी पूर्ण लिहिलं होतं."

साहेब पुन्हा खुर्चीत बसले आणि पहिल्या शब्दापासून लिहायला लागले.