रेश्माताईंच्या वाटीतलं चिकन

"सोमवारी ॲडमिट करून घेऊ. नाकातून नळी घालू. दुसरा उपाय दिसत नाही," रिपोर्टवरची नजर न काढता सर म्हणाले.

शुक्रवारची दुपार होती. रेश्मा धुरी बाहेर बाकावर बसल्या होत्या. काचेच्या दारातून त्यांचे पाय दिसत होते. चपलेचा पट्टा पावलात रुतला होता, इतकी सूज.

मी मुलुंडच्या एका खासगी हॉस्पिटलात डाएटिशियन आहे. वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर पेशंटनं काय, किती आणि कधी खायचं हे ठरवणं माझं काम. सर म्हणजे आमचे सर्जन. रेश्माताईंची स्लीव्ह सरांनीच तीन महिन्यांपूर्वी केली होती. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढा नळीसारखा भाग ठेवतात. माणसाचं पोट चार घासांत भरतं. वजन उतरतं ते त्यामुळे.

पण त्या चार घासांत शरीराला लागणारं प्रोटीन बसवावं लागतं. दिवसाला साधारण साठ ग्रॅम तरी. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम असतं, यावरून अंदाज यावा. ते मिळालं नाही तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं. चुलीत घालायला लाकूड नाही म्हणून घराचे वासे काढून जाळावेत, तसं. रेश्माताईंचे वासे निघायला लागले होते. केस मुठीनं गळत होते. जिन्याच्या चार पायऱ्यांत दम लागायचा. अल्ब्युमिन खाली आलं होतं. हे रक्तातलं एक प्रोटीन, पाण्याला रक्तवाहिन्यांत धरून ठेवणारं. ते घटलं की पाणी पाझरतं आणि पाय सुजतात.

"उलट्या?" सरांनी विचारलं.

"नाहीत सर."

"लिव्हर, किडनी ठीक आहे. स्लीव्हमध्ये आपण आतड्याला हात लावत नाही, म्हणजे खाल्लेलं अंगी लागायला हवं. याचा अर्थ बाई खातच नाहीत. आणि सांगतात मात्र खाते म्हणून. डायरी तूच बघतेस ना, सुवर्णा?"

"हो सर. रोजचे साठ ग्रॅम भरतात."

"कागदावर."

डायरी माझ्या हातात होती. निळ्या शाईत, शाळेतल्यासारख्या अक्षरात रोजचं खाणं लिहिलेलं. सकाळी अंडं. अकरा वाजता डाळ, एक वाटी. दुपारी चिकन, एक वाटी. संध्याकाळी मासे, एक वाटी. एक दिवस सुटलेला नव्हता. खोटं लिहिणारं माणूस मध्ये कुठेतरी कंटाळतं, असा माझा अनुभव आहे.

बाहेर आले तर रेश्माताईंनी माझा हातच धरला.

"नळी घालणार ना?"

"अजून ठरलं नाही."

"नळी नको हो मॅडम. माझ्या सासऱ्यांना घातली होती. ते परत घरी आलेच नाहीत." मग हळूच म्हणाल्या, "मी खाते. देवाशप्पथ सगळं खाते."

त्यांना मी माझ्या खोलीत घेऊन गेले. खोली म्हणजे एक टेबल, एक वजनकाटा आणि एक खिडकी. खिडकीतून मागचे डोंगर दिसतात. त्या दुपारी ते धुरकट हवेत इतके फिकट झाले होते की जरा नजर हलवली तर पुसले जातील असं वाटत होतं. ओपीडी संपत आली होती. कॉरिडॉरमधून कुणाच्या तरी स्लिपरचा आवाज यायचा, लांब जायचा, विरायचा. मला पुढचा प्रश्नच सुचेना. फॉर्मवरचे सगळे प्रश्न विचारून झाले होते आणि सगळ्यांची उत्तरं बरोबर होती. मी फॉर्म पालथा ठेवला आणि नुसती बसून राहिले.

रेश्माताईंचे डोळे मिटत होते. साकीनाक्याच्या एका गारमेंट युनिटमध्ये त्या चेकर होत्या. शिवलेले शर्ट उलटसुलट करून बघायचे, लोंबणारे दोरे कापायचे. आठ तास उभ्यानं. आता त्यांना खुर्चीतही ताठ बसवत नव्हतं.

"झोप येतेय?"

"झोप नाही. हल्ली दिवसाढवळ्या स्वप्नं पडतात."

यात मला नवल वाटलं नाही. ही ऑपरेशनं झालेली माणसं जेवणाची स्वप्नं बघतात. कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं, पेशंटनीच शिकवलं. अंधेरीचे एक काका स्वप्नात लग्नाच्या पंगतीत बसायचे आणि वाढपी त्यांच्यापर्यंत पोहोचायच्या आतच जागे व्हायचे. मी ही स्वप्नं नेहमी ऐकून घेते. उपयोग म्हणून नाही. मला आवडतं.

"काय दिसतं?" मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. आवाज पाण्याखालून आल्यासारखा संथ येत होता. "मी युनिटमध्ये उभी असते. टेबलावर शर्टांच्या जागी तांदळाच्या भाकऱ्या येतात. एकीवर एक. गरम, वाफ निघतेय. मी एकेक उलटी करून बघते, कुठे दोरा राहिलाय का. मग कडेचा पापुद्रा तोडते आणि चावते. कुर्रकुर्र. मॅडम, इतका मोठा आवाज होतो की सगळ्या मशिनी थांबतात. सगळ्या बाया माझ्याकडे बघतात. मी चावतच असते, चावतच असते. जागी होते तेव्हा जबडा दुखत असतो."

"मग?"

"मग काय. उठून पाणी पिते. एवढंच वाटतं की एकदा काहीतरी दाताखाली यावं. तीन महिने झाले, दातांना काही कामच नाही."

मी खुर्चीत पुढे सरकले.

"काही काम नाही म्हणजे? काल दुपारी काय खाल्लंत?"

"चिकन. लिहिलंय की."

"ते चावलं नाहीत?"

त्यांनी डोळे उघडले. मी वेड्यासारखं काहीतरी विचारते आहे, असं त्यांना वाटलं असावं. "चावायचं कसं? गाळलेलं असतं ना."

"कोण गाळतं?"

"सासूबाई. बाहेर बसल्यात. फ्लास्क आणलाय त्यांनी."

मी दार उघडून हाक मारली. सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, नीट चापूनचोपून नेसलेल्या मावशी आत आल्या. काखेत स्टीलचा फ्लास्क.

"मावशी, यात काय आहे?"

"मासे," त्या म्हणाल्या. "सकाळीच केलंय. तिच्या टायमाचा हा, पाच वाजता देवचा."

मी झाकणात थोडं ओतायला सांगितलं. फिकट पिवळं, नितळ पाणी पडलं. नारळाचा आणि तिरफळाचा वास खोलीभर पसरला. झाकणाचा तळ स्वच्छ दिसत होता. मी घोटभर चाखलं. मालवणी हातचं होतं, चव अप्रतिम होती. आणि त्यात प्रोटीन जवळपास नव्हतं.

"यातले मासे कुठे गेले?"

"गाळताना फडक्यात रवले. डाळीचा तसाच, चिकनचा तसाच. अंडा उकडून पाण्यात कालवतंय आणि गाळतंय. तुमीच सांगल्यात ना, मी सांगीपर्यंत गाळूनच देवा?"

त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. डिस्चार्जच्या दिवशी मी दिलेला, लॅमिनेट करून घेतलेला. कोपऱ्यात हळदीकुंकवाचं बोट लागलं होतं. खाली माझी सही. वर माझंच वाक्य होतं: पुढील सूचना मिळेपर्यंत सर्व पदार्थ गाळून द्यावेत.

ऑपरेशननंतर पहिले दोन आठवडे टाके ताजे असतात, म्हणून सगळं पातळ आणि गाळलेलं द्यायचं असतं. प्रोटीनसाठी पावडर असते. पुढे मऊ अन्न सुरू होतं आणि आमचा दुसरा कागद जातो. रेश्माताईंच्या दुसऱ्या कागदाच्या वेळी मी रजेवर होते. माझी सहकारी अनघा हिनं त्यांच्या घरी फोन केला होता. मी तिला लगेच फोन लावून विचारलं.

"अगं, मी सगळं विचारलं होतं," अनघा म्हणाली. "डाळ सुरू केली? हो. चिकन? हो. मासे, अंडं? हो, हो. कागद व्हॉट्सॲपवर पाठवला. पावडर संपली की आता जेवणातून घ्या म्हणून सांगितलं. अजून काय करायला हवं होतं मी, सांग ना."

खरंच, अजून काय? मावशींना तो दुसरा कागद मिळाला होता. त्यांनी तोही पाळला होता. कागदात चिकन लिहिलं होतं, त्यांनी चिकन शिजवलं. आणि पहिल्या कागदाप्रमाणे गाळलं.

"पण मावशी, दुसऱ्या कागदावर मऊ अन्न असं लिहिलंय."

"गाळू नको म्हणान खय लिवलाहा? दाखवा माका."

कुठेच लिहिलं नव्हतं.

"आणि ताकद सगळी रश्शात उतारता," त्या म्हणाल्या. "आमच्यात बाळंतिणीक, आजाऱ्याक रस्सोच देतत. चोथो मी खातंय. टाकूचो कसो? माझा वजन वाडला तां बघा."

रेश्माताई हसल्या. त्या दिवशी पहिल्यांदा.

मावशी मात्र हसल्या नाहीत. "बिल्डिंगीतल्यो बायका म्हणतत, सासू सुनेक उपाशी मारता. पाच वाजल्यापासून मी गॅसकडे उबी असतंय, मॅडम."

मी तो लॅमिनेट केलेला कागद पुन्हा वाचला. मी सांगलीकडच्या जतची. वडील मार्केट यार्डात हमाल. आमच्या घरात शिकलेलं असं माझ्याआधी कुणी नव्हतं, आणि मला इथवर आणणाऱ्या शिक्षकांचे उपकार मी रोज आठवते. एकदा वडिलांना सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पालेभाजी बंद करायला सांगितली. पुढे डॉक्टरांची बदली झाली. वडिलांनी अकरा वर्षं पालेभाजी खाल्ली नाही, कारण सुरू करा असं कुणी म्हटलं नाही. साहेबाचा शब्द साहेबच मागे घेणार, ही आमच्यासारख्या घरांची रीत. ती मला ठाऊक होती. तरी मी ते वाक्य लिहिलं होतं, आणि कागद जाईल त्या घराला ते मोडता येईल असं गृहीत धरलं होतं.

मी फ्लास्क उचलला आणि सरांकडे गेले. झाकणात ओतून टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"रेश्मा धुरींचे मासे, सर."

सरांनी झाकण उजेडात धरलं. मग विचारलं, "तीन महिने हेच?"

"हो सर. पेशंट खोटं बोलत नव्हत्या. चूक माझ्या कागदात आहे."

सर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "सोमवारची नळी थांबवतो. दहा दिवस देतो. व्हिटॅमिनची इंजेक्शनं आजच सुरू कर. रोज फोन कर. हात न टेकता खुर्चीतून लागोपाठ दहा वेळा उठल्या तर नळी नाही. नाही उठल्या तर मी कुणाचं ऐकणार नाही."

मी खोलीत परतले आणि रेश्माताईंना लगेच उठून बघायला सांगितलं. त्या दोनदा उठल्या. तिसऱ्यांदा अर्ध्यातूनच मागे बसल्या.

मी कँटीनमधून उकडलेलं अंडं मागवलं. त्याचे बारीक तुकडे केले. "एक तुकडा. वीस वेळा चावा. घाई नाही."

त्यांनी तुकडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. जबडा हळूहळू हलायला लागला. मावशी पदराचं टोक धरून बघत होत्या. उजेड टेबलावरून सरकत वजनकाट्यापर्यंत आला होता. मी आकडे मोजायचं सोडून दिलं. मला वाटतं त्या वीसच्या खूप पुढे गेल्या. गिळल्यावर त्यांच्या गालावरून पाणी वाहायला लागलं आणि त्या म्हणाल्या, "मॅडम, आवाज झाला नाही."

पुढचे दहा दिवस मावशींशी फोनवर बोलत होते. मी सांगायचे, फडकं कपाटात ठेवा. ताटात आधी मासे, अंडं, चिकन, पनीर. मग भाजी. भाकरी सगळ्यांत शेवटी, पोटात जागा उरली तर. जेवताना पाणी नाही. पावडर पुन्हा सुरू, ताकातून. तिसऱ्या दिवशी मावशींनी ओले बोंबील वाफवले आणि मला विचारलं, "काटो काढू की तोय ठेवू?"

"काटा काढा, मावशी."

"कधीपर्यंत?"

बाई शिकल्या होत्या. "नेहमीच," मी म्हटलं.

दहाव्या दिवशी रेश्माताई सरांच्या समोर खुर्चीत बसल्या. हात छातीशी घेतले. सर मोजत होते. सातव्या वेळी त्या थांबल्या. श्वास घेतला. मावशींच्या तोंडून "चल गो" एवढंच निघालं. आठ. नऊ. दहाव्या वेळी उठल्या आणि बसल्याच नाहीत, उभ्याच राहिल्या.

"घरी जा," सर म्हणाले.

सूज उतरायला आणखी पंधरा दिवस लागले. अल्ब्युमिन सहा आठवड्यांनी ठीक आलं. केसांना सर्वांत उशीर झाला, पण आले. रेश्माताई साकीनाक्याला परत गेल्या. आधी अर्धा दिवस, मग पूर्ण.

आमच्या कागदांवर आता प्रत्येक सूचनेपुढे एक रकाना आहे: कधीपर्यंत. त्यात तारीख घातल्याशिवाय मी सही करत नाही. आणि एक वाटी चिकन एवढ्यावर माझा विश्वास बसत नाही. फॉलोअपला येताना जे खाता ते डब्यात घालून आणा, असं मी सगळ्यांना सांगते. ओपीडीत सुक्या बोंबलाचा वास येतो अशी ॲडमिननं दोनदा लेखी तक्रार केली आहे. दोन्ही वेळा मी उत्तर दिलं, नोंद घेतली आहे.