गॅरेजमधली बोट

ई-ग्रुपवरच्या मंडळींनो, आज माझा डाव माझ्यावरच उलटला.

लेक सायली बारावीत. तिला मैत्रिणींबरोबर नेपाळला जायचंय, हिमालयातल्या नदीच्या घळीतून पाच दिवस राफ्टिंग करायला. फॉर्मवर माझी सही तेवढी राहिली होती. सरळ नाही म्हणण्यापेक्षा मी तिला दुबईतल्या अल कुसैसच्या माझ्या गॅरेजवर नेलं. आमचा मेकॅनिक लालबहादूर पूर्वी तिकडेच राफ्टिंगचा गाईड होता. म्हटलं, हाच तिला घाबरवेल.

त्यानं तर तिला ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसवलं आणि हातात वल्हं म्हणून झाडू दिला. "यही चप्पू! फॉरवर्ड!"

मी ओरडलो, "सायली, घट्ट धर! पाय आत घे!"

"सेठ, नाव में एक ही आवाज चलती है. आप चुप."

मी दोन पावलं मागे सरलो. मग त्यानं ट्यूब अचानक उलटवली. सायली धपकन खाली, पण झाडू सोडला नाही. "अगेन, अंकल!"

इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगणारा माणूस मी. तिच्या आवाजात भीती शोधली, सापडली नाही.

सही केली. घळीत फोन लागत नाही म्हणे. पाच दिवस गप्प कसं बसायचं, तुमच्यापैकी कुणाला जमलंय का?