विहिरीवरचा बोर्ड प्रोग्रॅम घेईना

आमच्या देवबागेत एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे वाळूची पट्टी. त्या वाळूत खणलेल्या विहिरीला गोडं पाणी लागतं हेच मुळात नवल. पावसाचं पाणी वर राहतं, समुद्राचं खाली. जपून उपसलं तर वर्षभर पुरतं. हावरटासारखा पंप चालवला की खालचं खारं वर आलंच म्हणून समजा, आणि मग पुढच्या पावसापर्यंत बसा बोंबलत.

माझ्या धाकट्या भावाने घरात होमस्टे काढला आणि हावरटपणा आपसूकच आला. पाहुणे समुद्रात डुंबून येतात आणि अंगावरची वाळू जाईपर्यंत शॉवरखालून हलत नाहीत. मी पुण्यात सर्किट दुरुस्तीची नोकरी करते. म्हणून मीच एक काडेपेटीएवढा बोर्ड तयार करून आणला. विहिरीत स्टीलचे दोन स्क्रू वायरीने सोडलेले. पाण्यात खार वाढला की बोर्डाला कळतं आणि तो पंप बंद करतो. बाबांनी स्वतः तो प्लास्टिकच्या डब्यात घालून कठड्यापाशी बसवला होता.

ऐन सीझनमध्ये भावाचा फोन आला.

"ताई, तुझो बोर्ड पिसो झालो. पावण्याच्या अंगाक साबण तसोच, आणि पंप बंद! बाबा सांगतत पाणी गोडा आसा. मगे ह्येका खंयचो खार दिसता?"

बाबा सांगतात म्हटल्यावर विषय संपला. बाबांनी उभं आयुष्य बोटीवर फिटर म्हणून काढलं, आणि गावी परतल्यापासून ते आमच्या वाडीतले पाण्याचे पंच आहेत. उन्हाळा तापला की शेजारपाजारचे आपापल्या विहिरीचं पाणी तांब्यातून घेऊन येतात. बाबा एक घोट तोंडात घोळवतात आणि सांगतात, "गोडा आसा, लाव पंप," किंवा "खार लागलो, थांब आता." त्यांचा शब्द कुणी मोडल्याचं मला तरी आठवत नाही.

भावाने पुढे धमकी दिली, की बोर्ड सुधारला नाही तर शनिवारी कट्टा गावातनं बोअरवाला येतोय. बोअर! वाळूच्या पट्टीत! म्हणजे थेट समुद्रालाच नळी लावायची. मागून बाबांचा आवाज आला, "बोअर मारलंस तर मी ह्या घरात रवचंय नाय!" मी रजा टाकली आणि रात्रीची गाडी पकडली. आमच्या विहिरीचं पाणी गेलं तर बाबांचं काय उरतं, हे मला भावापेक्षा जास्त कळत होतं.

काम तसं फालतू होतं. खार किती झाल्यावर पंप बंद करायचा तो आकडा बोर्डात लिहिलेला असतो. तो थोडा वाढवायचा, बस. माझा लॅपटॉप ऑफिसचा, त्यात बाहेरचं काही घालायला बंदी. म्हणून बोर्ड स्क्रूंसकट विहिरीवरनं सोडवून आणला, भावाच्या बुकिंगच्या डेस्कटॉपसमोर बसले आणि त्याला केबल लावली. बोर्डावरचा दिवा लागला. पण कॉम्प्युटर म्हणतो, बोर्ड सापडत नाही.

केबल बदलली. आमच्याकडे केबलींना तोटा नाही, पाहुणे विसरून गेलेल्यांचा एक खणच भरलाय. पण त्यातल्या बहुतेक फक्त चार्जिंगच्या निघाल्या. वीज जाते, अक्षर जात नाही. एकेक लावायची, दिवा लागायचा, आणि कॉम्प्युटर ढिम्म. शेवटी माझ्याच बॅगेतली चांगली केबल काढली. तरी ढिम्म! मग मी वाकून डेस्कटॉपची पुढची भोकं बघितली, तर आत हिरवा गंज. इथल्या हवेत लोखंडच काय, माणूससुद्धा गंजतो. टेबल ओढून केबल मागच्या बाजूला लावली, तेव्हा कुठे बोर्ड दिसायला लागला.

दिसला, पण प्रोग्रॅम घेईना. ठिपके येत राहायचे आणि मग तेच रड: बोर्ड उत्तर देत नाही. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. भाऊ दारात उभा राहून म्हणाला, "जमता काय? नायतर शनवारी..." मी म्हटलं, "तू आधी हयसून जा बघू!" माझं डोकं तापलं की मला घाटावरची भाषा सुचत नाही.

असा बोर्ड हट्टाला पेटला तर एक उपाय असतो. त्याच्यावर डाळीच्या दाण्याएवढं बटण असतं. ते दाबून धरायचं आणि तसंच धरून केबल लावायची, म्हणजे तो बाकी सगळं सोडून प्रोग्रॅम घ्यायला तयार होतो. मी दाबलं. लावली. काही नाही. नख दुखेपर्यंत दाबलं. मग लक्षात आलं, की बटण टिकच म्हणत नाहीये. बोर्ड उजेडात धरला तर नखशिखांत चकचकीत.

"बाबा, ह्येका काय लावलास?"

"वार्निश," बाबा अभिमानाने म्हणाले. "खारो वारो लागान कुसात म्हणान. होडीक लावतत ताच. दोन हात मारलंय."

मी कपाळावर हात मारला. आमच्या घरात बिजागरी, रेडिओ, दारावरची बेल, सगळं त्या वार्निशाखाली आहे. कुणी बोर्डाला वार्निश मारेल हे पुण्यात कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल, पण इथे न मारणाराच बेफिकीर ठरतो. आणि खरं सांगायचं तर बोर्ड आतून नव्यासारखा होता. फक्त बटण कायमचं चिकटलेलं. थिनरचा बोळा आणि ब्लेड घेऊन बसले. जीव मुठीत धरून कडेकडेने खरवडत गेले, आणि अखेर ते टिक म्हणालं. इतका आनंद झाला की मी ओरडलेच. बटण धरून केबल लावली, आणि पहिल्या फटक्यात प्रोग्रॅम आत!

आकडा वाढवायच्या आधी बोर्ड किती मोजतोय ते बघावं, म्हणून आधी आकडा न बदलता, मोजमाप स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्रॅमच घातला होता. पाहुण्यांच्या बाटलीतल्या पाण्यात स्क्रू बुडवले. आकडा छोटा आला, बरोबर. मग विहिरीचं पाणी काढून आणलं. आकडा चांगलाच वर गेला. मला वाटलं, वार्निशाचा ओघळ स्क्रूवर आला असेल. पण स्क्रू स्वच्छ होते, आणि वार्निश असतं तर आकडा उलट कमी आला असता. पेला पुसून, पाणी पुन्हा काढून बघितलं. तोच आकडा.

मग मी ते पाणी प्यायले. मचूळ होतं. मिठाचा हात लागलेलं स्पष्ट कळत होतं.

घरात ते कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता. पाहुणे आल्यापासून स्वयंपाकघरात खार काढणारा फिल्टर बसलाय, चहा-भात सगळं त्याच पाण्याचं. विहिरीचं कोरं पाणी पितात ते एकटे बाबा. आणि आई दुपारीच कुरकुरली होती, की हल्ली सारात कितीही मीठ घाला, ह्यांना अळणीच लागतं. ते आठवलं आणि मी आणखी एक पेला काढला.

बाबा खुर्चीत बसले होते. मी दोन पेले समोर ठेवले, एक बाटलीचा, एक विहिरीचा, आणि कुठला कुठला ते सांगितलं नाही. त्यांनी दोन्ही घोट घोळवून घेतले. मग पुन्हा घेतले.

"दोनय गोडी आसत," ते म्हणाले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "नाय?"

"नाय, बाबा. ह्या खारा आसा."

"तुका लागता?"

"होय."

बाबांनी तो पेला पुन्हा तोंडाला लावला आणि संपवूनच खाली ठेवला. "माका लागना नाय," ते म्हणाले. मला रडू आवरेना. भाऊ दारात होता. तो बाहेर गेला, आणि अंगणातून त्याचा बोअरवाल्याला नको सांगणारा आवाज आला. मी बोर्डातला आकडा होता तसाच ठेवला.

तेवढ्यात बाबा ताडकन उठले. "मगे मी सगळ्यांका काय सांगलंय?" सदरा चढवत ते बाहेर पडले, मी मागोमाग. शेजारच्या काकींच्या परसात मोटर चालू होती. काकी माडांना पाणी सोडत होत्या.

"मोटर बंद कर गो," बाबा म्हणाले. "पाणी खारा झाला. माझी जीब गेली, माका कळाक नाय. तुमका चुकीचा सांगलंय."

काकींनी पदराला हात पुसले. माझ्याकडे बघितलं, मग खाली मान घातली.

"आमका कळला होता, भावजी. शिगम्यापासून मचूळ लागता."

"मगे बोलूक काय झाला होता?" बाबा केवढ्याने ओरडले!

"तुमी गोडा म्हटलास," काकी म्हणाल्या. "तुमका खोटा कोण पाडतला?"

काकी जागच्या हलत नव्हत्या. मग बाबा स्वतःच त्यांच्या पडवीत गेले आणि त्यांनी मोटरचा खटका खाली केला.