कदम सरांची कॉफीची वही

स्टाफरूममध्ये किस्से जुन्या टाइमटेबलासारखे साचतात. जुनं कुणी काढत नाही, त्याच्यावरच नवं चिकटवतात. कळमनुरीच्या कॉलेजात मी स्टॅटिस्टिक्स शिकवायचो आणि भाड्याच्या खोलीत एकटा राहायचो. दिवसभरात माझ्याशी नीट बोलणारी माणसं दोनच, इतिहासाचे कदम सर आणि खेळाचे राठोड सर. त्यामुळे माझ्याकडचे सगळे किस्से या दोघांचेच आहेत.

*

कदम सरांच्या बायकोला रोज सकाळी कॉफी लागायची आणि ती सरच करून द्यायचे. ब्याण्णव साली काकू हार्ट अटॅकने गेल्या. महिनाभराने पेपरात आलं, कॉफीने हृदयाला धोका.

सरांनी ते कात्रण वहीत चिकटवलं. डावं पान 'वाईट', उजवं पान 'चांगली'. वही कशासाठी आहे हे आम्हाला माहीत होतं, पण विषय कुणी काढत नव्हतं.

*

एकदा डावीकडे पाच कात्रणं झाली. राठोड म्हणाले, "पाच इरुद्ध दोन. कॉफी हारली."

मी वाचून पाहिलं. पाच पेपर, पण संशोधन एकच! फक्त हेडिंगं निराळी. मी चार कात्रणं काढायला लावली. डावं पान एवढं हलकं झालं, तरी सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन दिवस मला फार जड गेले.

*

पुढे एक बातमी उंदरांवरच्या प्रयोगाची निघाली. राठोड तांड्यावरचे. ते म्हणाले, "आमच्याकडं उंदरं ज्वारी खाऊन राहिले, अन् तिकडं त्याह्यला कॉफी पाजून राहिले!"

सरांनी शांतपणे उंदरांसाठी वेगळं पान उघडलं.

*

मग 'रोज तीन कपांपुढे धोका' आलं. कप केवढा, ते बातमीत नव्हतं. वारंगा फाट्यावरच्या हॉटेलात कप मागवून राठोडांनी मापायला त्यात बोट बुडवलं. "तिकडचा एक म्हंजी आपले चार. आपुन तर अजून प्यालोच न्हाई."

सर हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

*

दोन हजारनंतर राठोड रिटायर होऊन तांड्यावर गेले. स्टाफरूममध्ये आमच्या तिघांतले आम्ही दोघंच उरलो. एक दिवस मी आनंदाने नवी बातमी घेऊन आलो. जुन्या संशोधनात कॉफी पिणारे बरेच जण सिगरेटही ओढत होते, म्हणजे दोष बहुतेक सिगरेटचा.

सरांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"ती तर सिगरेट वढत नव्हती. मग तिला कोन्त्या पानावर घेऊ?"

मी म्हणालो, "सर, हे हजारो माणसांवरून काढलेलं असतं. एका माणसाचं त्यातून सांगता येत नाही."

सरांनी वही मिटली, तिला रबर लावलं.

"बराबर हाय तुमचं," ते म्हणाले. "पर मला तर एकच व्हती."