आधी मागचा जिना

औषधांच्या ऑर्डरी घ्यायला मी अमरावतीहून अकोल्याला जातो, तेव्हा स्टँडजवळच्या एकाच लॉजवर उतरतो. त्या दुपारी काउंटरवर माझ्यापुढे एक गृहस्थ होते. बगलेत रेक्झिनची बॅग, चप्पल धुळीनं माखलेली. मॅनेजरनं किल्ली पुढे केली, तर म्हणाले, "खोली मंग पायतो. पयले मांगचा जिना दाखवा."

मीही उत्सुकतेनं मागोमाग गेलो. जिन्यावर उन्हाळ्यातले कूलर वाळक्या गवतासकट रचलेले, खालच्या दाराला कुलूप.

"आग लागली तं मानसं कुठून उतरतीन?"

"चोऱ्या होतात ना, साहेब. नसन पटत तं दुसरं लॉज पाहा," मॅनेजर तडकला.

"मी जाईन हो. पन हे?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि तिथंच पायरीवर बसले. कूलर हलून कुलूप निघेपर्यंत उठले नाहीत.

पुढच्या फेरीत मी मॅनेजरला विचारलं, "त्यांना कोणती खोली दिली होती?"

"खोली घेतलीच नाई त्यायनं. कुलूप निघालं अन् अकोटच्या यष्टीत बसले."

नंतर अकोटला गेलो, तेव्हा लॉजवर किल्ली घेण्याआधी मागं जाऊन पाहिलं. दार उघडं होतं.