नाहीची खुर्ची

पुण्याच्या एका विद्यापीठाशी आमच्या विभागाचा करार झाला, तेव्हा पेढे मीच वाटले होते. मानवी हक्कांचा अभ्यासक्रम दोघांनी मिळून शिकवायचा, त्यांची एक प्राध्यापिका दर आठवड्याला दोन दिवस नाशिकला येणार आणि तिने व मी एकाच वर्गात, एकाच तासाला जोडीने उभं राहायचं, असं ठरलं. करारावर सह्या झाल्या तेव्हाच्या फोटोत मी डावीकडून दुसरी आहे आणि अगदी मनापासून हसते आहे. पुढे वर्षभर मी तशी हसल्याचं मला आठवत नाही.

आधीच सांगून टाकते. मला तिचा मत्सर वाटत होता आणि अजूनही वाटतो. माणसाच्या हक्कांवर वर्षानुवर्षं बोलणाऱ्या बाईला असला मत्सर शोभत नाही, हे मला कोणी सांगायला नको.

पण हा अभ्यासक्रम मी उभा केला होता. सुरुवातीला कोणी येईना, तेव्हा वसतिगृहांच्या पायऱ्या चढून मी मुलं गोळा केली. "यानं नोकरी लागते का, मॅडम?" या प्रश्नाला जमेल तेवढं खरं उत्तर दिलं. द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडची मुलं घरच्यांबरोबर पिंपळगावच्या बाजूला छाटणी-तोडणीला जायची आणि त्यांचे तास बुडायचे, म्हणून रविवारी जादा तास घेतले. त्या तासांना घरून भाकरी-पिठल्याचे डबे नेले. आणि एवढं सगळं झाल्यावर ही बाई गळ्यात पाण्याची बाटली अडकवून पुण्याच्या बसमधून उतरली. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

पहिल्याच तासाला तिने कोपऱ्यातली एक हात तुटलेली प्लास्टिकची खुर्ची ओढून फळ्याशेजारी ठेवली. म्हणाली, "इथे रोज एकानं बसायचं. जो बसेल त्यानं आम्ही दोघी जे बोलू त्याला नाही म्हणायचं. आणि का नाही, तेही सांगायचं."

मी मनात म्हटलं, झाली पुण्याची थेरं सुरू. आमच्याकडे मास्तर वर्गात आले की मुलं उठून उभी राहतात. परीक्षेच्या सकाळी रांगेने पाया पडतात. इथे कोण बसणार त्या खुर्चीत? पहिले काही तास माझं खरं ठरलं. खुर्ची रिकामी राहायची आणि मला बरं वाटायचं.

मग एके दिवशी नामपूरचा एक मुलगा उठला आणि जाऊन बसला. ती कांद्याच्या बाजारावर बोलत होती, शेतकऱ्याला वजनात आणि भावात कसं नागवलं जातं, वगैरे. तो म्हणाला, "मॅडम, नाही. तुम्ही व्यापाऱ्याला लुटारू ठरवून मोकळ्या झाल्या. माझा बाप व्यापारी हाय. त्याचा माल सडतो तेव्हा त्याला कोण विचारतं?" वर्ग हसला, मग भांडला, आणि घंटा होऊन गेली तरी कोणी उठेना. तिला तर आनंदाचं भरतं आलं. तिने त्याचं म्हणणं फळ्यावर लिहिलं आणि खाली स्वतःची चूक लिहिली. त्यानंतर त्या खुर्चीसाठी झुंबड उडायला लागली.

फक्त ती बोलत असेल तेव्हा. मी बोलायला उभी राहिले की खुर्ची पुन्हा रिकामी.

"मुलं मला मान देतात," मी घरी म्हटलं.

"मग तोंड असं का पडलंय?" नवऱ्याने विचारलं.

सटाण्याहून आईचा फोन आला, तिच्यापाशीही मी हेच रडगाणं गायलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि आमच्या अहिराणीत म्हणाली, "तुले काय कमी शे?" आईला काय सांगणार? पिकतं तिथे विकत नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

मान वगैरे ठीक होतं, पण माझा जीव अडकला होता एका मुलीत. सुरगाण्याच्या पलीकडच्या पाड्यावरची, आश्रमशाळेत शिकलेली. तिला प्रवेश मी मिळवून दिला, वसतिगृहात जागा मी मिळवून दिली. नाशिकची थंडी तिला नवी नव्हती, पण अंगावर धड काही नसायचं, म्हणून माझा निळा स्वेटर तिला दिला. एका दिवाळीला ती गावी गेली नाही, तेव्हा आमच्याकडेच राहिली आणि माझ्यासोबत करंज्या भरल्या. शेवटच्या सत्रात प्रत्येकाने मार्गदर्शक निवडून एक प्रकल्प करायचा असतो. तिचा प्रकल्प माझ्याकडेच, हे मी मनात कधीच ठरवून टाकलं होतं. विषयही ठरवला होता: तिच्या आईसारख्या द्राक्षबागेत राबणाऱ्या बायकांचे हक्क. विभागप्रमुखांना तसं सांगूनही ठेवलं होतं. एवढ्या वर्षांतून माझी म्हणावी अशी ही एक विद्यार्थिनी मला हवी होती.

आणि एके सकाळी कॅन्टीनमध्ये मी त्या दोघींना मिसळ खाताना पाहिलं. मुलगी तोंडात घास असताना हसत होती, रश्श्याने नाक लाल झालेलं, आणि पुणेकरणीला हात नाचवत काहीतरी पटवून देत होती. माझ्याकडे जेवायला आली की ती खाली बघून दीड चपाती खायची आणि "पुरे, मॅडम" म्हणायची. मी काउंटरवर उभ्या उभ्या चहा प्यायले आणि जीभ भाजून घेतली.

त्याच आठवड्यात मी एक डाव टाकला. त्या तासाला बोलायची पाळी माझी होती. मी सरळ त्या मुलीला म्हटलं, "आज तू बस खुर्चीत." ती बसली. मी वसतिगृहाच्या फाटकावर बोलले. मुलींचं फाटक संध्याकाळी सातला बंद होतं, मुलांचं उशिरापर्यंत उघडं असतं. मी म्हटलं की हे मुलींच्या सुरक्षेसाठी आहे, आणि सुरक्षा हाही हक्कच आहे. मग तिच्याकडे बघितलं. ती उठली, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "मॅडमचं बरोबर आहे."

सगळा वर्ग हसला. पुणेकरीण तेवढी हसली नाही. मी तिच्याकडे असं काही बघितलं की सरपंचकी जिंकून आलेल्या माणसानेही लाजावं. घरी जाताना मी चक्क गजरा घेतला.

मार्गदर्शक निवडायचे दिवस आले, तेव्हा ती दुपारी माझ्या खोलीत आली. मी "बस" म्हटलं. ती उभीच राहिली, नेहमीसारखी.

"मॅडम, मी प्रकल्पाला पुण्याच्या मॅडमना घ्यायचं म्हणते."

मी हातातले पेपर तपासत राहिले. "त्या आठवड्यातून दोन दिवस असतात. तुझं निभेल कसं?"

"निभेल."

"आणि विषय आपण ठरवलाय."

"तो तुम्ही ठरवला, मॅडम. मला वसतिगृहाच्या फाटकावर करायचाय."

"फाटकावर?" आता मी पेन खाली ठेवलं. "त्या दिवशी खुर्चीत बसून तर वेगळंच म्हणालीस."

"तुम्हाला कसं नाय म्हणायचं?" तिने स्वेटरची बाही ओढून धरली. "तुम्ही लय केलं माझ्यासाठी. त्या मॅडमनी काहीच केलं नाय. त्यांच्याशी भांडता येतं."

मला हे तिथेच सोडता आलं असतं. पण मत्सर गप्प बसू देईना. मी म्हटलं, "मी सरांना शब्द दिलाय की तू माझ्याकडे आहेस. आता तू गेलीस तर विभागात माझी काय पत राहील? एवढं तरी माझ्यासाठी करशील की नाही?"

 तिने समोरची खुर्ची ओढून घेतली आणि माझ्यासमोर बसली. या खोलीत, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"नाय, मॅडम," ती म्हणाली. आणि मग नियमाप्रमाणे कारणही दिलं. "मला तुमच्यापुढं खोटं बोलायचा कंटाळा आलाय."

ती गेल्यावर पुणेकरीण आत डोकावली. तिला बहुधा सगळं ठाऊक होतं. "काय म्हणाली?" तिने हलकेच विचारलं.

"नाही म्हणाली," मी सांगितलं.

तिचा चेहरा उजळला. तिला आनंद लपवायचा होता, पण जमलं नाही. मला तिचा तेव्हाही रागच आला. त्या मुलीला स्वेटरपासून करंजीपर्यंत सगळं मी दिलं होतं, आणि हे एवढं 'नाही' मात्र तिने दुसरीकडून घेतलं होतं.