दारातली रिकामी घागर

चैत्र संपता संपता माझी बायको पंचफुला गेली. आता आषाढ लागला. दवाखान्यात शेवटचं बोलली तेव्हा मला म्हणली, "अवं, घागर दारात हाय ना?"

"हाय."

"रिकामी?"

"रिकामीच."

मग तिनं डोळे मिटले. पोराचं विचारलं न्हाई, माझंबी न्हाई... लोकं विचारतात, दारात रिकामी घागर काहून? म्हणून लिहून राहिलो. चौथी शिकलेलो आहे, चुकलंमाकलं समजून घ्यावं.

साखऱ्याच्या बाजूला आमचं गाव. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. पाऊस पहिल्यासारखा राहिला न्हाई. पडला तर एकदम, न्हाई तर महिना महिना दडी. म्हणून सरकारनं नाल्यावर बंधारे बांधून दिले. काम चांगलं झालं, खोटं काहून बोलू? पण पाणी टिकायचं संक्रांतीपर्यंत. पुढं टँकर. बंधाऱ्यानं गावाचं भागतं का, हे बघायला एका उन्हाळ्यात साहेब लोकं येणार, असा निरोप आला. टँकरच्या जागी तेव्हा घागरींची ही लांब रांग. पंचफुला बायांना म्हणली, "पाव्हणे येऊन राहिले. रिकाम्या घागरी समोर बऱ्या दिसत न्हाईत." आम्ही शकुन-अपशकुन सोडून दिलेली माणसं. पण लाज सुटत न्हाई. साऱ्या वस्तीच्या घागरी आमच्या घरात आल्या, मला पाय ठेवायला जागा राहिली न्हाई. रस्ता झाडला, सडा टाकला. त्या सड्याला पाणी कुठून आणलं ते बायांनाच ठाऊक. साहेबांना तांब्या भरून दिला. एक जण म्हणला, "गोड आहे पाणी." पंचफुलाचं तोंड असं फुललं होतं, लग्नातबी तसं फुललं नव्हतं.

पुढं टँकर बंद झाला. सरपंच तालुक्याला जाऊन आला. तिथं त्याला सांगितलं, तुमच्या गावात पाण्याची तकलीफ न्हाई, आमची माणसं डोळ्यांनी बघून आली. बराबर होतं. दाखवलं तेच बघितलं त्यांनी.

मग बाया नदीतल्या झिऱ्यावर. वाळूत खड्डा करायचा, पाणी पाझरायची वाट बघत बसायचं, वाटीवाटीनं घागर भरायची. शेजारची हमीदाबी तिथं सगळ्यांसमोर म्हणली, "पंचफुला, छुपाके रख अब घागरी. पाव्हणे आयेंगे." बाया हसल्या. ही खाली बसली अन् आधी हमीदाबीची घागर भरायला लागली. तो सारा उन्हाळा तेच. आधी दुसऱ्यांच्या, मग आपली. कंबर तिथंच गेली तिची. हमीदाबीच एक दिवस म्हणली, "बस कर गं, मेरा गुस्सा कबका उतर गया."

"माझा न्हाई उतरला," ही म्हणली.

काही वर्षांनी हिंगोली जिल्हा झाला. पुन्हा तपासणी आली. पुन्हा रस्ता झाडला. पंचफुलानं मात्र घरातली, शेजारची, होती तेवढी रिकामी भांडी रस्त्यावर मांडली अन् काठी घेऊन मधी बसली. एक पोरगेला साहेब म्हणला, "आजी, हे जरा बाजूला घ्या, फोटो काढायचाय."

"फोटोत येऊ द्या. त्यायच्याबिगर आमचं गाव दिसत न्हाई."

साहेब भला होता, उकिडवा बसला तिच्याजवळ. आम्ही बंधारा जागेवर आहे का ते तपासतो, म्हणला. बंधारा होता जागेवर. "व्हय, हाय ना," ही म्हणली, "आता वैशाखात या, पाणी हाय का ते बी तपासा. घरचं जेवण घालते." तो म्हणला, बघतो.

तेव्हापासून चैत लागला की घागर दारात. मी म्हणायचो, कोणी येत न्हाई, येडे. ती म्हणायची, "न येऊ द्या. आले तर लपवलेली नको." गाडीचा आवाज आला की मान वर करायची. आमच्याकडं गाड्या येतात त्या पुसेगावच्या बाजाराच्या... वैशाख यायचा अन् जायचा.

तिच्या मातीनंतर भेटायला लोकं येऊन राहिले होते, तेव्हा सुनेनं घागर उचलून आत नेली. तिचंबी काय चुकलं? म्हणली, "मामा, पाव्हणे येऊन राहिले, चांगलं दिसत न्हाई." मी आत गेलो, घागर आणली, दारात ठेवली. सून पालथी घालायला आली, तर म्हणलं, राहू दे. तोंड वर राहू दे तिचं. येणाऱ्याला आत डोकावता आलं पाहिजे.